अ‍ॅपवर आयईएलटीएसची तयारी: त्या '७ बँड पक्का'वाल्या पोस्टला उत्तर

कृष्णाकाठची
काल इथे एकाने लिहिलं, "क्लासला पैसे घालवू नका. फोनवर अ‍ॅप घ्या, रोज अर्धा तास द्या, दोन महिन्यांत ७ बँड पक्का." खाली अंगठ्यांची रांग लागली आहे. त्यातले कित्येक जण खरोखर परीक्षेला बसणार असतील, म्हणून सविस्तर लिहिते. नवख्यांसाठी: आयईएलटीएस ही परदेशी शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी द्यायची इंग्रजीची परीक्षा, आणि बँड म्हणजे तिचे ९ पैकी गुण.

मी चार महिने अ‍ॅपवरच तयारी केली. लिसनिंगला ४० पैकी ३४-३५ यायचे. निबंध टाकला की दोन सेकंदांत हिरव्या अक्षरात ७.५. परीक्षेत रायटिंगला ५.५ आले. फी गेली ती गेलीच, युनिव्हर्सिटीची मुदतही हुकली.

मग ओळखीच्या एका निवृत्त सरांकडे वही घेऊन गेले. त्यांनी निबंधाआधी प्रश्न वाचला. म्हणाले, "या मताशी तुम्ही कितपत सहमत आहात, असं विचारलंय. तुमचं मत कुठे आहे?" २६० शब्दांत मत नव्हतंच! फायदे होते, तोटे होते, आणि प्रत्येक परिच्छेद 'मोरओव्हर'ने सुरू. 'प्लेथोरा' (म्हणजे रेलचेल) तीनदा. तो शब्द अ‍ॅपनेच सुचवलेला, वापरला की गुण वाढायचे. सरांनी तिन्हींभोवती पेन्सिलीने गोल केला.

रायटिंगला चार निकष आहेत आणि चारही समान वजनाचे. प्रश्नाला उत्तर दिलं का, हा त्यातला एक. माझ्या अ‍ॅपने तो कधी पाहिलाच नाही.

फोनवाला
ती पोस्ट माझी. मला ७ मिळाले आहेत, खोटं लिहिलेलं नाही. एका क्लासला मी आधी २२ हजार भरले होते. तिथे ४० पोरं, आणि छापील निबंध पाठ करायला द्यायचे. पाठ केलेलं परीक्षकाला कळतं आणि त्याचे गुण जातात, हे मला नंतर समजलं. तुमचं अ‍ॅप भिकार होतं, तर त्याचा राग सगळ्या अ‍ॅप्सवर का?

रात्रपाळी
मी नर्स आहे, जतला. क्लास सांगलीला. एसटीने जाऊन-येऊन अख्खा दिवस मोडतो, आणि माझी ड्युटी दर आठवड्याला बदलते. कुठला क्लास माझ्यासाठी रात्री अडीचला उघडा राहणार आहे? पेशंट झोपले की एका कानात इअरफोन, दुसरा कान वॉर्डकडे. परीक्षेत ऑडिओ एकदाच ऐकवतात, म्हणून मीही मागे नेत नाही. बेल वाजली तर तो प्रश्न गेला. असं करून लिसनिंग ६ वरून ७.५ वर आणलंय. अ‍ॅप नसतं तर मी फॉर्मच भरला नसता. पुण्या-मुंबईत बसून 'माणसाकडून तपासून घ्या' म्हणणं सोपं आहे.

कृष्णाकाठची
@रात्रपाळी, मी पुण्याची नाही, कऱ्हाडची आहे. लिसनिंग-रीडिंगबद्दल मान्य. तिथे उत्तर बरोबर किंवा चूक, फोन तपासू शकतो.
@फोनवाला, तुम्ही बालवाडीपासून इंग्रजी माध्यमात होतात, हे तुम्हीच दुसऱ्या धाग्यात लिहिलंय. मग त्या ७ चं श्रेय अ‍ॅपला कसं?

फोनवाला
म्हणजे अडचण मराठी शाळेची आहे. मग तसं सरळ लिहा, अ‍ॅपला का झोडपता?

खडूफळा
ही भाषा इथे नको. मी ३१ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलंय. महाराष्ट्रात २००० पासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. त्याआधीची पाचवीपासून शिकलेली पोरं आज परदेशात डॉक्टर आहेत. इंग्रजीतल्या 'a' आणि 'the'सारखी उपपदं मराठीत नाहीत, म्हणून आपली मुलं ते गाळतात. हे शिकवून सुधारतं. 'आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स' मी इंग्रजी माध्यमाच्या पोरांकडूनच जास्त ऐकलंय, आणि त्यांना ते चूक आहे हेही ठाऊक नसतं.

सेमीतली आई
सर, आदर आहे, पण पहिलीपासून इंग्रजी कागदावर. आमच्या गावात दोन शिक्षक आणि चार वर्ग. म्हणून मुलीला सेमीला घातलं. गणित इंग्रजीतून करते, पण चार वाक्यं सलग बोलता येत नाहीत. कोणाला दोष देऊ?

खडूफळा
शिक्षकांच्या जागा न भरणाऱ्यांना द्या. दोन शिक्षकांना देऊ नका. जनगणना, निवडणूक, पोषण आहाराच्या नोंदी, हे सगळं करून आम्ही वर्गावर जायचो.

फोनवाला
प्रत्येक धाग्यात शिक्षकांचं हेच रडगाणं.

खडूफळा
रडगाणं? पावसात पत्रा गळायचा तेव्हा पोरांना ओट्यावर बसवून स्पेलिंग घेतलीत मी. शब्द मागे घ्या.

कृष्णाकाठची
धागा अ‍ॅपचा आहे हो!

फोनवाला
'रडगाणं' मागे घेतो. बाकीचं नाही.

लेस्टरकर
स्पीकिंगबद्दल कोणीच बोललं नाही. मी अ‍ॅपसमोर रोज बोलायचो. परीक्षेत समोर माणूस, ११ ते १४ मिनिटं. विषयाचं कार्ड हातात, तयारीला १ मिनिट, मग २ मिनिटांपर्यंत बोलायचं. माझं ४० सेकंदांत संपलं, आणि परीक्षक शांतपणे बघत राहिल्या. फोन असं बघत नाही. उच्चार मराठी वळणाचे आहेत म्हणून गुण जात नाहीत, बोललेलं समजलं पाहिजे. मी मात्र दोन महिने 'व्ही' आणि 'डब्ल्यू' घोटण्यात घालवले, कारण अ‍ॅप तिथेच लाल व्हायचं.

रात्रपाळी
हे पटलं. माझा रायटिंगचा आकडा वर सांगितला नाही. ६ आहे. ब्रिटनच्या एनएमसीला (नर्सना नोंदणी देणारी तिथली संस्था) रायटिंगमध्ये ६.५ लागतात, बाकी तिन्हींत ७. अ‍ॅप मात्र ७ दाखवतंय.

फोनवाला
ठीक आहे. 'पक्का' हा शब्द मी पोस्टमधून काढतो. पण तिला २२ हजारांच्या क्लासला पाठवू नका.

खडूफळा
@रात्रपाळी, क्लास नको. आठवड्याला एक निबंध मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. ४० मिनिटं घड्याळ लावून, अ‍ॅपची सुचवणी बंद ठेवून लिहा. पैसे नकोत.

रात्रपाळी
सर, अ‍ॅप काढून टाकणार नाही, लिसनिंग त्यावरच करणार. निबंध वहीत लिहून फोटो पाठवला तर चालेल का? गुरुवारी डे-ऑफ आहे.