कृषी खातं बंद करा म्हणणाऱ्यांना उत्तर

काळी कसदार: 'कृषी खातं बंद करा, पगाराचा पैसा शेतकऱ्याच्या खात्यात टाका, सल्ला काय मोबाईलवर मिळतोच,' अशी पोस्ट काल वाचली आणि राहवलं नाही. दुकानातल्या बियाण्याचा नमुना काढणारा, खताचा साठा तपासणारा निरीक्षक कोणाचा? याच खात्याचा. क्रॉपसॅपमध्ये, म्हणजे खात्याच्या कीड-रोग पाहणीत, शेतात उतरून झाडावरच्या अळ्या मोजतात, तेव्हा फवारणीचा इशारा निघतो. मोबाईल मोजणार आहे का अळ्या?

कोरडवाहू: पोस्ट माझी आहे आणि मी शब्द मागे घेत नाही. इशारा येईस्तोवर पानांची चाळण झालेली असते. आणि निरीक्षकाचं कौतुक मला नको. 266.50 रुपयांची युरियाची गोणी मागितली की आमच्याकडचा दुकानदार द्रवखताची बाटली गळ्यात मारतो. एका खतासोबत दुसरा माल असा गळ्यात मारायचा, या लिंकिंगला बंदी आहे म्हणे!

सेवा केंद्रवाला: सगळं खापर दुकानदारावर फोडू नका. खताच्या गाडीसोबत कंपनी नको असलेला माल आमच्याही माथी मारते. नाही म्हटलं तर ऐन हंगामात युरिया येत नाही. तुमची उधारी दिवाळीपर्यंत कोण सांभाळतं?

कोरडवाहू: उधारीचं व्याज भावात लावलेलं असतं, उपकार नाही करत. बिल मागितलं की कोऱ्या चिठोऱ्यावर आकडा लिहून देता!

निवृत्त पर्यवेक्षक: बिलच नाही तर कारवाई कशावर करायची? नोकरीत असताना मी गावात जाऊन लेखी तक्रार मागायचो. कोणी सही करत नसे, कारण त्याच दुकानात उधारीचं खातं. राहिला खात्याच्या माणसाला वेळ मिळण्याचा प्रश्न. 1998 ला एक खिडकी आली, कृषी, मृदसंधारण, फलोत्पादन सगळं एकत्र झालं आणि गावात येणाऱ्या एकाच कृषी सहायकाच्या गळ्यात पडलं. पंचनामे त्याचे, महाडीबीटीचे, म्हणजे ऑनलाइन अनुदानाचे अर्ज त्याचे, विम्याच्या तक्रारी त्याच्या. आता पदाचं नाव बदललं, काम तेच.

सोयाबीनवाली: तुमचं युरियाचं भांडण संपलं असेल तर बियाण्याचं बोलू का? आमचं सोयाबीन उगवलं नाही तेव्हा तक्रार निवारण समिती आली, पंचनामा झाला. तोवर वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल गेली, दुबार पेरणी झाली. 1966 च्या बियाणे कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड जास्तीत जास्त 500 रुपये! एका बॅगेचीही किंमत नाही ती. कोणती कंपनी घाबरेल?
पण हेही सांगते. दुसऱ्या वर्षी सहायक बाईंनी आम्हा बायकांना ओसरीवर बसवून ओल्या गोणपाटात शंभर दाणे मोजून ठेवायला लावले. गुंडाळी सावलीत, रोज पाणी शिंपडायचं. मोड मोजले तर सत्तरच्या खाली. सत्तर हा निकष, म्हणून ते बियाणं पेरलंच नाही. असलं काम कुठल्या मेसेजने होत नाही.

कोरडवाहू: ताई, असली बाई आमच्या गावाला मिळाली असती तर मी पोस्टच लिहिली नसती. आमच्याकडे सहायक दिसतो तो फक्त अनुदानाच्या फोटोपुरता.

काळी कसदार: मग त्याला फोटोतून सोडवा अशी मागणी करा. खातं बंद करून बियाणं तपासणार कोण?

कोरडवाहू: नमुना काढायला सरकारी माणूस लागतो, एवढं मान्य. मात्र प्रयोगशाळेचा अहवाल पेरणीआधी हातात पडला पाहिजे. पीक काढल्यावर आलेल्या अहवालाचं मी काय करू?

सेवा केंद्रवाला: आणि लिंकिंगची धाड टाकायचीच तर आधी कंपनीच्या गोदामावर टाका.