मदत हवी आहे: अंधाऱ्या माजघराला कुठला रंग द्यावा?

नमस्कार मंडळी, आम्ही गोव्यात फोंडा तालुक्यात राहतो. घर आजेसासऱ्यांनी बांधलेलं, चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) जाड भिंती आणि वर कौलं. माजघराला एकच खिडकी, ती पण कुळागराच्या, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेच्या बाजूला, त्यामुळे भर दुपारीसुद्धा तिथे सावली, छपरात दोन काचेची कौलं बसवलीत तेवढाच काय तो वरून उजेड. जमीन जुनी, रेड ऑक्साइडची, तांबडीलाल आणि अजून गुळगुळीत.

मागच्या डिसेंबरात आम्ही हौसेने तिथे फिका ग्रे दिला. फोनवर आणि शेड कार्डवर इतका सुंदर दिसत होता, आणि भिंतीवर आला तो हिरवट! पाऊस सुरू झाल्यापासून तर शेवाळ धरल्यासारखाच वाटतो. पेंटरने डब्यावरचा नंबर दाखवला, नंबर बरोबर आहे, म्हणजे त्याची चूक नाही. शिवाय खालच्या तीनेक फुटांत रंगाचे पापुद्रे सुटायला लागलेत आणि पांढरा लोणा (ओलीबरोबर वर येणारा क्षार) आलाय.

पण खरी अडचण वेगळीच आहे. सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत, एप्रिलमध्ये त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डावा अजून व्हायचाय. परवा भिंतीला टेकून अळसांदे (चवळी) निवडत बसल्या होत्या, मध्येच थांबल्या आणि हाताने एकेक डोळा झाकून भिंतीकडे बघायला लागल्या. म्हणाल्या, "उजव्याने निळसर दिसते गो, डाव्याने चहा सांडल्यासारखी. ह्यातली खरी कुठली?" मला काय सांगावं तेच कळेना. नंतर म्हणाल्या, मी लग्न होऊन आले तेव्हा इथे नीळ घातलेला चुना होता, तोच दे.

मी कपाट सरकवून बघितलं तर मागे खरंच तळहाताएवढा निळा तुकडा शिल्लक आहे, वर पिस्ता, त्यावर क्रीम, त्यावर आमचा ग्रे, सगळे थर कडेला मोजता येतात. त्या निळ्याला अजून तजेला आहे, हात लावला की बोटाला थोडी भुकटी लागते.

आता नवरा म्हणतो सरळ पांढरा देऊ, उजेड वाढेल. मला भीती अशी की निळ्याने आधीच अंधारी खोली अजून काळवंडेल. आणि चवथ (गणेश चतुर्थी) जवळ आलीय, गणपती त्याच खोलीत बसतो, माटोळी (गणपतीच्या वर टांगतात ती फळा-पानांची चौकट) तिथेच बांधतो, रंग द्यायचा तर चवथीआधीच अशी सगळ्यांची पद्धत. अजून एक, दोनदा सासूबाई उंबरठ्याला अडखळल्यात, तोही जमिनीसारखाच तांबडा आहे. रंगाने ह्यावर काही करता येईल का? जुन्या घरांचा अनुभव असलेल्यांनी प्लीज सांगा.

प्रतिसाद १
ताई, हिरवट दिसण्याचं कारण कुळागर. खिडकीतून जो उजेड येतो तो पानांवरून आपटून येतो, आणि ग्रे रंगाला स्वतःची ओढ कमी असल्यामुळे तो शेजारचं सगळं उचलतो. त्यात तांबड्या जमिनीशेजारी राखाडी भिंत डोळ्याला आपोआप हिरवीकडे झुकलेली दिसते. पांढऱ्याचंही हेच होणार, अंधाऱ्या खोलीत पांढरा उजळत नाही, मळकट दिसतो. पिवळ्या मातीची झाक असलेला क्रीम घेतला तर हिरवेपणा मारला जाईल. बल्ब कुठला आहे तेही बघा, ६५०० केल्व्हिनचा पांढराफटक असेल तर काढून २७०० किंवा ३००० चा पिवळसर लावा, संध्याकाळी फरक कळेल. आणि शेड कार्डावर जाऊ नका, दोन बाय दोन फुटांच्या पुठ्ठ्यावर रंग लावून सकाळ दुपार रात्र वेगवेगळ्या भिंतींना टेकवून बघा.

प्रतिसाद २
चवथीआधी अजिबात रंग देऊ नका! आमचं बार्देशातलं घर असंच चिऱ्याचं, हीच चूक करून बसलो होतो. चिरा पाणी पितो, जमिनीतली ओल भिंतीत वर चढते, चुन्याच्या गिलाव्यातून ती सुकून जाते पण वरून पुट्टी आणि प्लास्टिक पेंट मारला की अडकते आणि मग रंगाला ढकलून बाहेर येते, लोणा तोच. पाऊस पूर्ण जाऊ दे, भिंत सुकू दे, मग निदान खालचा भाग तरी खरवडून परत चुना. प्लास्टिक पेंटवर चुना धरत नाही, म्हणून खरवडणं चुकवता येत नाही, धूळ खूप होते तयारी ठेवा. निळीबद्दल काळजी नको, कपड्यांची जुनी नीळ म्हणजे अल्ट्रामरीन, ती चुन्यात टिकते, तुमच्या कपाटामागे टिकलीच आहे की. लावताना गडद दिसेल, घाबरून जास्त पाणी घालू नका, सुकल्यावर बरीच फिकी होते.

प्रतिसाद ३
माझ्या बाबांचं अगदी हेच झालं होतं. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग पिवळं-तपकिरी होत जातं आणि निळा रंग अडवतं, ऑपरेशननंतर तो एकदम आत येतो. मोने ह्या फ्रेंच चित्रकाराचं १९२३ मध्ये ऑपरेशन झालं, त्यालाही नंतर रंग बदललेले दिसत होते. तेव्हा आईंना सांगा, दोन्ही डोळे बरोबर आहेत, उजव्याचं भिंग नवं आहे. दुसरा डोळा होईपर्यंत शेड नक्की करू नका. उंबरठा मात्र आजच रंगवा, तांबड्या जमिनीवर फिका पिवळा किंवा पांढरा, आणि दाराची चौकट भिंतीहून गडद ठेवा म्हणजे कडा दिसतात.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. काल उंबरठ्याला पिवळा दिला, सुकल्यावर सासूबाई मुद्दाम दोनदा ओलांडून आल्या. पुठ्ठे पण केले, एक क्रीम, एक नीळ घातलेला चुना. दुपारी निळा खिडकीपाशी खरंच काळपट दिसला, पण काचेच्या कौलांखालच्या भिंतीला टेकवला तर इतका शांत निळा, बाजूला तांबडी जमीन, की नवरा पण बघत उभा राहिला. म्हणून आता असं ठरलंय की तेवढी एक भिंत निळी, तीच गणपतीच्या मागची, आणि बाकी तीन क्रीम. पण सगळं डाव्या डोळ्याच्या ऑपरेशननंतर, दिवाळी झाल्यावर. चवथीला ह्या वर्षी आहे तीच भिंत, खालच्या पापुद्र्यांवर साडी लावीन. बार्देशवाले दादा, चुन्याचं काम अजून नीट करणारा कोणी फोंड्याच्या बाजूला येईल का, आणि चुना किती दिवस आधी भिजवायचा, तेवढं सांगाल का?