पान्हा चोरणे

मोगरा
'पान्हा चोरणे' बाईबद्दल म्हणतात का? मी ओली बाळंतीण, आज ११वा दिवस. सिझेरियन झालं. पहिले चार दिवस दूध पुरेना, बाळ रडून लालबुंद व्हायचं. मावससासूबाई दारातून म्हणाल्या, "पान्हा चोरते की काय ही?" आता दूध येतंय, पण ते वाक्य डोक्यातून जात नाही. बाळाला जवळ घेतलं की सगळ्यांना वाटतं माझी माया दाटून आली. मला नुसतं रडू येतं. कधी कधी तर काहीच वाटत नाही.

रानवाट
शब्द गोठ्यातला आहे. संस्कृत 'प्रस्नव', म्हणजे पाझरणं, त्यावरून पान्हा. पान्हा म्हणजे दूध नव्हे, दूध सडात उतरणं. गाय आटली की कासेत दूधच नसतं. पान्हा चोरणारीच्या कासेत असतं, उतरत नाही. या दोन्हींची गल्लत करू नये.

एकदा वडील आजारी पडले आणि धारेला दुसरा गडी बसला. म्हशीची कास गच्च, चरवीत मात्र चार धारा. "चोरतीय," एवढं म्हणून आई उठली. पुढ्यात आंबोण ठेवलं, रेडकाला दोन ढुशा देऊ दिल्या, अंगात वडिलांचा सदरा घातला आणि पाठ खाजवत बसली. बऱ्याच वेळाने कास सैल झाली. म्हशीवर कुणी हात उगारला नाही, कुणी तिला बोललंही नाही. तिचं काय बिनसलंय एवढंच पाहिलं. घरातल्या बाईला हाच शब्द लावताना ते पाहणं कुठे जातं, याचा मला राग येतो.

परिचारिका
बाळंतिणींच्या वॉर्डात काम करते, म्हणून लिहिते. बाईचंही असंच असतं. दूध तयार होणं वेगळं, उतरणं वेगळं. उतरवतं ते ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक, आणि दुखणं, भीती, मनावरचा ताण यांनी ते अडखळतं. सिझेरियननंतर दूध भरायला थोडा जास्त वेळ लागू शकतो. आधी येतो तो चीक थोडाच असतो, बाळाचं पोटही तेवढंच असतं. यात चोरी कसली?

पहिल्या २ आठवड्यांत असं रडू पुष्कळ जणींना येतं. माया काहींना पहिल्या क्षणी वाटते, काहींना हळूहळू. पण २ आठवडे उलटूनही मन सावरत नसेल, किंवा स्वतःला, बाळाला काही करावंसं वाटलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.

रानवाट
'ओली बाळंतीण' हा शब्द बघा. तिला वारा लागू नये म्हणून आपण कान बांधतो, शेक देतो. बोलणंही लागतंच की.

मोगरा
हे सगळं आईला फोनवर वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तुझ्या वेळी पाचवीपर्यंत मला दूध नव्हतं गं. शेजारच्या काकूंनी पाजलं तुला." तीस वर्षांत पहिल्यांदा सांगितलं तिने. उद्याच्या गाडीने येतेय.