एकटा वाढलेला कॉकाटील संध्याकाळी ओरडायला कोणाकडून शिकला?

अबोली लिहितात:
आमच्याकडे एक नर कॉकाटील (तुरेवाला छोटा पाळीव पक्षी) आहे. हाताने भरवून वाढवलेले पिल्लू म्हणून आम्ही तो घेतला आणि तेव्हापासून त्याने स्वतःच्या जातीचा दुसरा पक्षी पाहिलेला किंवा ऐकलेला नाही. तरीही घरातले कोणी खोलीबाहेर गेले की तो एकच उंच हाक पुन्हा पुन्हा देतो, दिवेलागणीला काही वेळ अकारण कलकलाट करतो आणि परक्या माणसाने पिंजऱ्यात हात घातला तर तुरा चपटा करून फुत्कारतो. दारावरच्या घंटीची धून मात्र त्याने उघडच आमच्या घरात उचलली आहे. यातले उपजत कोणते आणि शिकलेले कोणते? शेजाऱ्यांची कुरकुर सुरू झाल्यामुळे हे ओरडणे थांबवता येईल का, हेही जाणून घ्यायचे आहे.

पाणकावळा लिहितात:
घंटीची धून सोडली तर बाकी सारे उपजतच समजावे. कोंबडीची पिल्ले अंड्यातून बाहेर आल्यावर लवकरच बहिरी केली, तरी मोठेपणी त्यांचे आवाज नेहमीसारखेच निघतात, हे 1960च्या दशकातील प्रयोगांत दिसून आले. होल्यांच्या घुमण्याबाबतही निष्कर्ष तसाच निघाला. जे कानांनी शिकलेलेच नाही ते विसरायला लावणार कसे?

सातभाई लिहितात:
कोंबडी आणि होला यांच्याबाबत वरील विधान बरोबर आहे; परंतु ते पोपटवर्गाला जसेच्या तसे लावता येत नाही. गाणारे पक्षी, पोपटवर्ग आणि गुंजनपक्षी या तीन गटांत ऐकून आवाज घडवण्याची क्षमता असते, आणि कॉकाटील हा काकाकुवांच्या कुळातला, म्हणजे पोपटवर्गातलाच पक्षी आहे.

या कुळात उपजत आणि शिकलेले कसे वेगळे होते, याचे उत्तम उदाहरण पश्चिम ऑस्ट्रेलियात मिळाले. तिथे गलाह आणि मेजर मिचेल हे दोन काकाकुवा झाडांच्या ढोल्यांसाठी भांडतात आणि कधी कधी गलाहची अंडी मेजर मिचेलच्या ताब्यात जाऊन पिल्ले त्याच्याच घरी वाढतात. इयन रोली आणि ग्रॅम चॅपमन यांनी 1986 साली अशा पिल्लांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अन्न मागण्याचा आणि धोक्याचा आवाज ती पिल्ले गलाहचाच काढत, पण थव्याशी संपर्क ठेवण्याची हाक मात्र पाळणाऱ्या आईबापांची उचलत. मला हा अभ्यास प्रयोगशाळेतल्या कोणत्याही प्रयोगापेक्षा अधिक पटतो, कारण पिल्लांची ही अदलाबदल पक्ष्यांनी स्वतःच केलेली होती.

हे तुमच्या पक्ष्याला लावून पाहा. फुत्कारणे सरळसरळ उपजत आहे. कॉकाटीलची घरट्यातली पिल्लेही डोलत डोलत फुत्कारतात. दिवेलागणीचा कलकलाट हा रातथाऱ्याला जमणाऱ्या थव्याचा आहे, जो आपण वडा-पिंपळावर मैनांचा रोज ऐकतो. तुम्ही खोलीबाहेर गेल्यावर येणारी हाक मात्र दुपेडी आहे. सोबत दिसेनाशी झाली की हाक देण्याची ऊर्मी जन्मजात असते, कारण मोकळ्या माळावर थव्यापासून तुटलेला पक्षी सहज शिकार होतो. त्या हाकेचा सूर मात्र बराचसा ऐकून घडतो. त्यामुळे ऊर्मी दाबण्याच्या फंदात पडू नका, सूर बदला. खोलीतून निघतानाच, त्याने ओरडायच्या आधी, एक ठरावीक मऊ शीळ घाला आणि त्याने तशीच शीळ दिली की दुसऱ्या खोलीतून लगेच उत्तर द्या. ऐन ओरडण्यात धावत परत येणे आणि त्याच्यावर ओरडणे, ही दोन्ही त्याच्या दृष्टीने हाकेला मिळालेली उत्तरेच होत.

अबोली लिहितात:
मनःपूर्वक आभार. रात्री पिंजरा पूर्ण झाकून ठेवला तर संध्याकाळचा गोंगाट कमी होईल का? शिवाय ओळखीतले एक गृहस्थ सोबतीसाठी साध्या हिरव्या पोपटाचे पिल्लू देऊ करत आहेत. ते घ्यावे का?

सातभाई लिहितात:
दिवे उशिरापर्यंत जळत राहिले की पक्ष्याचा दिवस लांबतो आणि नरांत विणीच्या हंगामाची चळवळ वाढते, म्हणून रोज ठरलेल्या वेळी दहा-बारा तासांची शांत रात्र द्यावी. मात्र कॉकाटील अंधारात दचकून पिंजऱ्यात धडपडण्यासाठी कुप्रसिद्ध आहेत. तेव्हा एक बाजू उघडी ठेवून मंद दिवा असू द्यावा. संध्याकाळची ती थोडी वेळ त्याला ओरडू द्यावे आणि शेजाऱ्यांना ती आधीच सांगून ठेवावी, हे माझे मत.

पिल्लू मुळीच घेऊ नका. आपला राघू हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 अन्वये संरक्षित आहे आणि त्याला घरी पाळणे हा गुन्हा ठरतो. त्या गृहस्थांनाही वनविभागाशी संपर्क साधायला सांगा.

पाणकावळा लिहितात:
गलाहचे उदाहरण मला ठाऊक नव्हते. त्यात एवढीच भर घालतो की बजींमध्ये (बजरीगर या छोट्या पाळीव पोपटांमध्ये) जोडी जमताना नर आपली संपर्काची हाक मादीच्या हाकेशी जुळवून घेतो, म्हणजे प्रौढ वयातही ही हाक बदलते. सोबतीला दुसरा कॉकाटीलच आणणार असाल तर तो आधी वेगळ्या खोलीत ठेवून पशुवैद्याकडून तपासून घ्या. दोघांनी मिळून घर शांत होईलच असे नाही. पण निदान तुमच्या प्रत्येक उठण्यावर होणारा आरडाओरडा एकमेकांकडे वळण्याची शक्यता आहे. आणि एखाद्या दिवशी आवाज अचानक बसला किंवा श्वासागणिक शेपटी वरखाली होऊ लागली, तर स्वभाव बदलला असे न समजता त्याच दिवशी वैद्याला दाखवा.