छोट्या ऑफिससाठी व्हाईटबोर्ड घ्यायचाय, साधा घेऊ की सिरॅमिक?

उद्यमनगर_जॉबवर्क:
नमस्कार मंडळी. कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात आमचं छोटं मशीन शॉप आहे, भाऊ मशीनवरचं बघतो आणि मी ऑफिस. ऑफिस म्हणजे १० बाय १२ ची खोली, दोन टेबलं, एक कपाट आणि भिंतीला व्हाईटबोर्ड. कुठल्या पार्टीचं काय काम, किती नग, कधी द्यायचे ते सगळं त्यावर. दोन वर्षांपूर्वी स्वस्तातला ३ बाय ४ चा घेतलेला, आता इतका कळकट झालाय की डस्टर कितीही घासा, मागचं दिसतंच.

गेल्या आठवड्यात काय झालं सांगते. एका पार्टीचे १५० बुश (नळीसारखा छोटा पार्ट) देऊन झाले, त्याच पार्टीची नवीन ऑर्डर ५० ची आली, मी फक्त १ पुसला आणि ५० तसेच ठेवले. तो १ आत मुरलेला. सेकंड शिफ्टच्या पोरानं १५० वाचलं आणि सकाळी आम्ही येऊन बघतोय तर ५० च्या जागी सव्वाशेच्या वर नग तयार करून ठेवलेले. पोराची काही चूक नाही, मी दारातून बघितलं तर मलाही १५० च दिसलं.

आता नवीन घ्यायचाच आहे. दुकानदार साधा, सिरॅमिक आणि काचेचा असे तीन दाखवतोय, भावात लई फरक आहे. ड्रॉइंग लावायला मॅग्नेट चिकटला पाहिजे. आणि ४ बाय ६ घेऊ का? कुणी वापरलाय का सांगा प्लीज.

राजारामपुरी_क्लास:
ताई, आधी एक बघा, बोर्डवरची पारदर्शक फिल्म काढलेली ना? लई ठिकाणी बोर्ड खराब होईल म्हणून फिल्म तशीच ठेवतात आणि डाग पडतात ते त्या फिल्मवर.

फिल्म काढलेली असेल तर तो बोर्ड मेलामाईनचा असणार. म्हणजे कागदाच्या थरावर राळ दाबून केलेलं लॅमिनेट, वापरून वापरून वरचा गुळगुळीतपणा गेला की शाई आत शिरते. माझ्या क्लासमध्ये असाच साधा बोर्ड आहे आणि बरी वर्षं चाललाय, पण मी लिहितो आणि तासाभरात पुसतो. तुमचं लिहिलेलं आठ आठ, पंधरा पंधरा दिवस बसतं ना, तिथंच सगळा फरक पडतो. रोजच्या रोज पुसायचं असेल तर साधा चालतो, मुक्कामाला राहणाऱ्या मजकुराला नाही.

तोवर जुन्यावर एक करा, जिथं डाग आहे त्यावरच नवीन मार्करनं गिरवा आणि ओलं असतानाच पुसा. ताज्या शाईतलं सॉल्व्हंट जुनी शाई सोडवतं. परमनंट मार्कर चुकून लागला तरी हेच.

शिरोली_क्वालिटी:
सिरॅमिक घ्या, डोळे झाकून. मी शिरोलीत कंपनीत क्वालिटीला आहे, आमच्यात प्लॅनिंगचा बोर्ड सिरॅमिकचाच. सिरॅमिक म्हणजे स्टीलच्या पत्र्यावर काचेसारखा थर सुमारे ८०० डिग्रीला भाजून बसवलेला असतो, आपल्या जुन्या निळ्या कडेच्या इनॅमलच्या ताटल्या असायच्या ना तेच काम. शाई आत जायला जागाच नाही, आणि आतून स्टील असल्यानं मॅग्नेटपण धरतो.

पण दुकानात फसू नका, रंग दिलेल्या पत्र्याचा बोर्डपण येतो आणि मॅग्नेट त्यालाही चिकटतो, म्हणून नुसता मॅग्नेट लावून ओळखता येत नाही. बिलावर "सिरॅमिक स्टील" असं लिहून घ्या आणि गॅरंटी किती वर्षांची तेपण.

आता मशीन शॉप आहे म्हणून दोन गोष्टी मुद्दाम सांगतो. एक, कॉटन वेस्टनं, म्हणजे हात पुसायच्या सुताच्या गुंत्यानं, बोर्ड पुसू देऊ नका. पोरं हात पुसलेलं तेच वेस्ट बोर्डवर फिरवतात, ऑईलचा थर बसतो आणि मग मार्कर घसरतो, अक्षर मधेच तुटतं, आणि आपण म्हणतो मार्कर संपला. डस्टर बोर्डजवळच दोरीला बांधा, वेस्ट कुणी आणणारच नाही. दुसरं म्हणजे मॅग्नेटला लोखंडाची कीस लागते, शॉपमध्ये ती हवेतच असते, तो मॅग्नेट बोर्डवर सरकवला की सॅंडपेपर फिरवल्यासारखे ओरखडे. मॅग्नेट उचलून लावायचा, सरकवायचा नाही, आणि महिन्यातून एकदा चिकटपट्टीनं त्याची कीस काढायची.

आणि थिनर अजिबात नको. आमचा आधीचा रंगाचा बोर्ड होता, मीच एकदा घाईत थिनरनं पुसला, हाताएवढा चट्टा कायमचा पडला आणि तिथं परत कधी शाई पुसली गेली नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल मेडिकलमध्ये मिळतं, मऊ फडक्यावर घेऊन आठवड्यातून एकदा पुरे.

मार्कर आडवे ठेवा, उभे ठेवले की रंग खाली बसतो.

फुलेवाडी७७:
काचेचा दिसायला भारी आणि डाग पण पडत नाही पण वजन बघा. ६ मिलीची काच चौरस मीटरला १५ किलो, म्हणजे ३ बाय ४ फुटी १६-१७ किलो झाली. त्यात मॅग्नेट हवा तर मागं पत्रा लागतो आणि साधे मॅग्नेट धरत नाहीत, ताकदीचे घ्यावे लागतात. ट्यूबलाईटची चकाकी पण लई मारते. मशीन शॉपला नको.

उद्यमनगर_जॉबवर्क:
सगळ्यांचे मनापासून आभार. फिल्म पहिल्याच दिवशी काढलेली, आणि गिरवून पुसायचं आज केलं, बराच फिका झाला डाग. वेस्टचं तर तंतोतंत आमच्याकडचं सांगितलंत दादा. अजून एक अडचण, बोर्ड लावतो ती भिंत पश्चिमेची, जुलैत झड लागली की ओल येते, पोपडे धरलेत. आणि साईजचं सांगा कुणीतरी.

शिरोली_क्वालिटी:
ओलीच्या भिंतीवर लावू नका, बोर्डच्या मागं भुश्श्याचा पार्टिकल बोर्ड असेल तर तो पाणी पिऊन फुगतो आणि कडेनं पत्रा सुटतो. दुसरी भिंत नसेलच तर मागं चारी कोपऱ्यांना अर्ध्या इंचाचे पीव्हीसीचे गुटके द्या, हवा खेळली पाहिजे.

साईज १० बाय १२ च्या खोलीत ३ बाय ४ किंवा फार तर ३ बाय ५. उंची ३ फुटाच्या वर नको. ४ फुटी उंच घेतला आणि खालची कड जमिनीपासून ३ फुटावर धरली तर वरची ओळ ७ फुटावर जाते, तिथं तुमचा हात पोचणार नाही आणि वरची ओळ कुणी बदलतच नाही.

रेघा मार्करनं मारू नका. रेडियमवाल्याकडून २ मिलीच्या काळ्या पट्ट्या कापून घ्या, चिकटवल्या की पुसायचा प्रश्नच नाही.

उद्यमनगर_जॉबवर्क:
पूर्वेच्या भिंतीला कपाट आहे, रविवारी भाऊ मोकळा असतो तेव्हा हलवतो. ३ बाय ५ सिरॅमिक नक्की. रेडियमवाल्याला कॉलम सांगायचेत, पार्टी, पार्ट, नग, तारीख असे चार म्हणत होते मी. भाऊ म्हणतो "किती झाले" हा पाचवा पाहिजे.

शिरोली_क्वालिटी:
भावाचं बरोबर आहे, आणि सहावा "किती दिले" पण ठेवा. तुमचे ५० चे १५० झाले ते बोर्डपेक्षा जास्त आकडा अर्धा पुसून दुरुस्त केल्यामुळं, ताई. सिरॅमिकवर पण तसं करू नका. ऑर्डर संपली की अख्खी ओळ पुसायची आणि नवीन ऑर्डर खालच्या रिकाम्या ओळीत लिहायची, पार्टी तीच असली तरी.