डावखुऱ्या मुलीला जेवणाचे आदाब (शिष्टाचार) कसे शिकवू? मदत हवी आहे

नमस्कार, अस्सलामु अलैकुम.

वाशीम जिल्ह्यातल्या एका खेड्यात मी बालवाडी घेते. मशिदीला लागून एक खोली, त्यात ४ ते ६ वर्षांची १९ मुलं. आईबाप उजाडताच कापूस वेचायला निघतात, त्यामुळे रोजच्या सवयी लावायचं काम बरंचसं माझ्याकडेच आलंय. जेवणाआधी बिस्मिल्लाह, पाणी बसून आणि तीन श्वासांत, शिंक आली की अल्हम्दुलिल्लाह (अल्लाहची स्तुती), ऐकणाऱ्याने यरहमुकल्लाह (अल्लाह तुझ्यावर दया करो), चप्पल घालताना उजवा पाय आधी आणि काढताना डावा.

वुजू, म्हणजे नमाजाआधी हात-तोंड-पाय धुणं, तर मुलं फार सुंदर करतात. प्रेषित मुहम्मद (स.) एक मुद्द, म्हणजे साधारण पाऊण लिटर पाण्यात वुजू करत. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते, म्हणून मी त्याच मापाचा लोटा हातात देते. हात, चूळ, नाक, चेहरा, कोपरापर्यंत हात, डोक्यावरून ओला हात, शेवटी पाय. तळाशी घोटभर पाणी उरलं की ते दारातल्या कडुनिंबाला घालायला पळतात.

अडलंय ते उजव्या हाताशी. जेवायचं उजव्या हाताने, हाही आमचा आदाब. एक ५ वर्षांची मुलगी जन्मापासून डावखुरी आहे. भाकरी उजव्या हातात धरते, तुकडा डाव्याने मोडते आणि तो तसाच तोंडात जातो. परवा शेजारचा मुलगा सगळ्यांसमोर म्हणाला, "आपा, हे पाहा, हे सैतानाच्या हातानं खाऊन राहिली." तिने डबा बंद केला. पुढचे दोन दिवस डबा तसाच भरलेला घरी गेला.

चूक माझी आहे. सैतान डाव्या हाताने खातो हे हदीसमध्ये, म्हणजे प्रेषितांच्या वचनांत आहे, पण एवढ्याशा लेकरांना मी सुरुवातच तिथून केली. त्यांनी सवय उचलली आणि सोबत दुसऱ्याला टोचायचं हत्यारही. एका मुलाने तर आपल्या आजोबांनाही पाहुण्यांसमोर टोकलं. त्यांचा उजवा हात लकव्याने गेलाय. अशा माणसाला डाव्याने खायची मुभा आहे, हे मी मुलांना कधी सांगितलंच नव्हतं.

आता मी प्रेषितांच्या घरात वाढलेले त्यांचे सावत्र मुलगे उमर बिन अबी सलमा यांची गोष्ट सांगते. ते लहान होते, जेवताना त्यांचा हात ताटभर फिरत होता. प्रेषितांनी (स.) एवढंच सांगितलं : मुला, अल्लाहचं नाव घे, उजव्या हाताने खा, आपल्या पुढ्यातलं खा. ना ओरडणं, ना भीती. पुढे ते आयुष्यभर तसेच जेवले.

तिची पेन्सिल मी डाव्याच हातात राहू दिली आहे, त्यावर मला कोणाचं ऐकायचं नाही. पण घास? कुणाच्या घरी डावखुरं मूल असेल तर सांगा, त्याला उजव्या हाताने जेवायची सवय कशी लावली, किती दिवस लागले, मूल चिडलं तेव्हा काय केलंत. मोडायला दोन्ही हात लागणारी भाकरी काही दिवस बाजूला ठेवून खिचडीपासून सुरुवात करावी का? आणि दुसऱ्याची चूक चारचौघांत काढू नये, हाही आदाबच आहे, हे ४ वर्षांच्या मुलाच्या गळी कसं उतरवायचं?

शुक्रवारी तिची आई भेटायला येणार आहे. त्याआधी कुणी लिहिलं तर फार बरं होईल.