मदत हवी आहे: कॉम्बॅट धाटणीच्या रिव्हॉल्व्हरला कोणते फिनिश द्यावे?

नीलरेघ:
नमस्कार. माझ्या रिव्हॉल्व्हरचे धातूकाम पूर्ण झाले असून आता फक्त फिनिशचा निर्णय बाकी आहे, आणि कारागिराला या आठवड्याअखेर उत्तर हवे आहे. घोड्याचा (काडतुसावर आघात करणाऱ्या हातोडीचा) मागे आलेला खुंट कापून घेतला आहे, चापाची (ट्रिगरची) पुढची खाचरी बाजू घासून गुळगुळीत केली आहे, मुठीची चौकोनी टाच गोल केली आहे आणि फ्रेमपासून सिलिंडरच्या, म्हणजे काडतुसे बसणाऱ्या फिरत्या नळकांड्याच्या, पुढच्या काठापर्यंत सगळ्या कडा मारून घेतल्या आहेत. आता ते हातात घेतले की कोठेही बोचत नाही, होल्स्टरमधून काढताना कापडात अडकत नाही, आणि डबल ॲक्शनमध्ये, म्हणजे एकाच ओढीत घोडा मागे जाऊन सुटतो तेव्हा, चाप ओढताना बोट त्याच्या पृष्ठभागावरून अलगद सरकते. कारखान्यातून आलेल्या चकचकीत नगापेक्षा असे कामाचे, एका हातासाठी घडवलेले हत्यार मला कितीतरी देखणे वाटते, आणि त्याला शोभेल असेच फिनिश मला हवे आहे.

गडद ब्लूइंग (पोलादाचा पृष्ठभाग काळानिळा करणे), हार्ड क्रोम (क्रोमियमचा कठीण मुलामा) की सेराकोट (भाजून पक्का केलेला रंगाचा लेप), एवढाच प्रश्न आहे. ज्यांनी स्वतःच्या रिव्हॉल्व्हरवर यांपैकी काही करून घेतले आहे त्यांनी कृपया लवकर लिहावे.

ठिणगी:
मॉडेल कोणते, नळी किती लांब, मूळ धातू साधे कार्बन पोलाद की स्टेनलेस, आणि मुख्य म्हणजे हे रिव्हॉल्व्हर रोज अंगावर बाळगणार की केवळ मैदानावर नेमबाजीसाठी वापरणार? हे कळल्याशिवाय दिलेले उत्तर निरुपयोगी ठरेल.

पोलादी:
माझे मत विचाराल तर फिनिशच्या फंदात पडूच नये. स्मिथ अँड वेसनने १९६५ साली मॉडेल ६० हे स्टेनलेस रिव्हॉल्व्हर आणले आणि पुढे मॉडेल ६६ आले, तेव्हाच हा प्रश्न निकालात निघाला. स्टेनलेसवर ओरखडा पडला तर घरीच स्क्रबिंग पॅडने एका दिशेने घासून तो काढता येतो, आणि खालून कोणताही वेगळा रंग डोकावत नाही. आपण हे रिव्हॉल्व्हर विकून ६६ घ्यावे. मी अनेक वर्षे तेच वापरत आहे.

नीलरेघ:
@ठिणगी, ब्लूइंगचा पर्याय विचारला आहे त्यावरून ते कार्बन पोलादाचे आहे हे उघड आहे. स्मिथ अँड वेसनचे मॉडेल १९, चार इंची नळी. ते रोज कमरेला, शर्टाच्या आत असते. हवा दमट आहे आणि मला घाम पुष्कळ येतो. मैदानावर नियमित जातो.

@पोलादी, मला रिव्हॉल्व्हर बदलायचे नाही. फिनिश निवडायचे आहे.

जतन:
थांबावे, अशी हात जोडून विनंती आहे. मॉडेल १९ म्हणजे १९५५ साली 'कॉम्बॅट मॅग्नम' या नावाने आलेले रिव्हॉल्व्हर, ज्याच्या घडणीत अमेरिकेच्या बॉर्डर पेट्रोलमधील (सीमा गस्ती दलातील) बिल जॉर्डन यांचा सल्ला घेतला गेला होता. त्याआधी .३५७ मॅग्नमचे काडतूस झाडायचे तर मोठ्या आणि जड फ्रेमचे रिव्हॉल्व्हर दिवसभर कमरेला वागवावे लागे. जॉर्डन यांना तीच ताकद मध्यम आकाराच्या के फ्रेममध्ये हवी होती. अशा नगाचे मूळ ब्लूइंग कितीही झिजलेले असले तरी तेच त्याचे मोल असते, आणि एकदा ते उतरवले की जगातला कोणताही कारागीर ते परत आणू शकत नाही. आपली नळी फ्रेममध्ये आडव्या पिनेने बसवलेली आहे का आणि सिलिंडरच्या मागच्या बाजूला काडतुसाच्या कडेसाठी खाच आहे का, हे आधी पाहावे. दोन्ही असतील तर तो नग १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपूर्वीचा आहे, आणि मग तर त्याला हातही लावू नये.

कानस:
@जतन यांच्या तळमळीविषयी आदर आहे, पण ज्याचा घोडा कापला आहे आणि मूठ गोल केली आहे त्या नगाचे संग्राहकमूल्य केव्हाच गेले. त्याचे मोल आता वापरणाऱ्याच्या हातात आहे, आणि धागाकर्त्याने नेमके तेच ओळखले आहे. कामासाठी घडलेली वस्तू कामासाठीच आणखी घडवली तर तिचा अपमान होतो, हे मला पटत नाही.

आता फिनिशबद्दल. मी धातूला पॉलिश करण्याच्या व्यवसायात आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. ब्लूइंग हा मुळात लेप नाही. दाहक सोडा आणि नायट्रेट क्षारांच्या साधारण १४० अंश सेल्सिअसच्या द्रावणात पोलादाच्या पृष्ठभागाचेच काळ्या लोह ऑक्साइडमध्ये रूपांतर होते. त्यामुळे मापात काही फरक पडत नाही, पण खालच्या पॉलिशमधला एकही दोष झाकला जात नाही. काम चांगले की वाईट हे तीन ठिकाणी पाहावे. पहिले, स्क्रूच्या भोकांचे काठ: चाक मऊ असेल आणि हात घाईचा असेल तर भोकाभोवती बशीसारखा खोलगट भाग तयार होतो आणि उजेडात तो लगेच दिसतो. दुसरे, नळीवरची आणि फ्रेमवरची अक्षरे, ज्यांच्या कडा एका बाजूला ओढल्यासारख्या पुसट होतात. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे फ्रेमच्या उजव्या बाजूची झाकणपट्टी. ती जागेवर बसवून फ्रेमबरोबरच पॉलिश केली तर तिची सांधरेषा केसाएवढी राहते, आणि ती सुटी काढून पॉलिश केली तर दोन्ही काठ गोलावतात आणि तेथे कायमची घळ पडते.

माझा आग्रह रस्ट ब्लूइंगचा आहे. धातूवर मुद्दाम बारीक गंज चढवायचा, उकळत्या पाण्यात तो तांबडा गंज काळा करायचा, तारेच्या मऊ ब्रशने सुटा थर झाडायचा आणि हे सारे पुन्हा पुन्हा करायचे. वेळ लागतो, पण जी खोल, किंचित मंद काळी छटा मिळते ती गरम द्रावणातून येत नाही, आणि ती घर्षणालाही अधिक टिकते.

पायथनकर:
पॉलिशचा विषय निघालाच आहे तर कोल्ट पायथनचा उल्लेख करायलाच हवा. तेही १९५५ सालचेच आहे आणि त्याचे 'रॉयल ब्लू' फिनिश आजही ब्लूइंगचे परिमाण मानले जाते. पृष्ठभाग आरशासारखा होईपर्यंत पॉलिश केल्यावरच त्याला रंग चढवला जात असे. नळीवरची हवेशीर पट्टी आणि खालचे पूर्ण लांबीचे वजन यांमुळे गोळी सुटताना ते हातात स्थिर राहते. काही कारागीर पायथनची नळी स्मिथच्या फ्रेमवर बसवून देत असत आणि त्या जोडाला 'स्मायथन' म्हणत.

नीलरेघ:
पायथन उत्तम आहे, पण माझ्याकडे ते नाही. @कानस, सांधरेषेची माहिती अत्यंत उपयोगी आहे, मनापासून आभार. दुसऱ्या एका कार्यशाळेने माझ्या आधीच्या रिव्हॉल्व्हरवरची अक्षरे अशीच पुसट करून दिली होती, म्हणूनच या वेळी इतकी विचारणा करत आहे. मात्र रस्ट ब्लूइंग घामाला किती टिकते?

ठिणगी:
प्रामाणिक उत्तर असे की टिकत नाही. ब्लूइंग कोणत्याही प्रकारचे असो, ते तेल धरून ठेवते आणि त्या तेलामुळेच पोलाद वाचते. शरीराला लागून असलेल्या रिव्हॉल्व्हरवरचे तेल दिवसभरात कपड्याला पुसले जाते. माझ्या कमरेच्या रिव्हॉल्व्हरवर हार्ड क्रोम आहे. रॉकवेल सी या धातूच्या कठीणपणाच्या मापनावर त्याचा कठीणपणा ६५ ते ७० च्या आसपास असतो, त्यामुळे होल्स्टरच्या तोंडाशी घासून घासून सिलिंडरच्या कडा आणि नळीचे टोक पांढरे पडण्याचा प्रकार माझ्याकडे झालेलाच नाही. आधी बारीक काचमण्यांचा मारा करून पृष्ठभाग एकसारखा मंद केला तर क्रोम राखाडी, रेशमी दिसतो, त्यात निकेलचा झगझगाट नसतो. बंद पडदे असलेल्या खोलीतही त्याचा आकार नीट कळतो आणि उन्हात तो डोळ्यांवर येत नाही.

सेराकोट मात्र रिव्हॉल्व्हरवर घेऊ नये. तो सिरॅमिकमिश्रित रंगच आहे, साधारण २५ मायक्रॉन जाडीचा, आणि तो १२० अंशांच्या भट्टीत भाजून पक्का करतात. सिलिंडरच्या तोंडावर गरम वायू दर गोळीला आदळतात. तेथे रंग जळतो आणि डाग पडतात. शिवाय सिलिंडर फिरताना त्याची कळ जिथे टेकते तिथे थोड्याच दिवसांत गोल रेघ उमटते.

दारूगोळा:
फिनिशवर खर्च करण्यापूर्वी एक तपासणी करावी. के फ्रेमच्या .३५७ मध्ये नळीचे मागचे टोक, म्हणजे फोर्सिंग कोन, खालच्या बाजूला सपाट कापलेले असते, कारण तेथे सिलिंडरचा दांडा बसायला जागा लागते. त्या पातळ भागाला हलक्या, १२५ ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे एकक) गोळीच्या जोरदार मॅग्नम काडतुसांमुळे तडे गेल्याची उदाहरणे आहेत. सिलिंडर बाहेर काढून, टॉर्च आणि भिंगाने खालची बाजू पाहावी. सरावासाठी याच रिव्हॉल्व्हरमध्ये चालणारे सौम्य .३८ स्पेशल काडतूस वापरावे आणि मॅग्नम झाडायचेच तर १५८ ग्रेनचे घ्यावे. १९८० च्या सुमारास कंपनीने थोडी मोठी एल फ्रेम आणली, ती याच कारणासाठी.

नीलरेघ:
हा प्रश्न मी विचारला नव्हता, पण भिंगाने पाहिले. तडा नाही. बहुतेक वेळा .३८ स्पेशलच वापरतो.

कानस:
@ठिणगी यांनी क्रोमची चांगली बाजू सांगितली आहे, पण अपुरी. हार्ड क्रोमच्या थरात सूक्ष्म भेगांचे जाळे असते. घाम त्यातून खाली उतरू शकतो आणि मग गंज आतल्या आत पसरतो, म्हणून क्रोम असला तरी रोज पुसणे आणि तेलाचा पातळ हात देणे सुटत नाही. दुसरे म्हणजे क्रोम हा खरोखरीचा थर आहे. सिलिंडरच्या पुढच्या तोंडाला आणि नळीच्या मागच्या टोकाला तो बसला तर दोहोंमधली फट कमी होते, आणि ती फट मुळातच मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असते. काजळी साचली की सिलिंडर अडखळू लागेल.

तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर आहे. विद्युत मुलामा देताना पोलादात हायड्रोजन शिरतो आणि कठीण भाग ठिसूळ होतात. मुलाम्यानंतर ठरावीक वेळ भट्टीत तापवून तो बाहेर काढावा लागतो. स्प्रिंगांना मुलामा देऊच नये. मॉडेल १९ चा घोडा आणि चाप केस हार्डनिंग केलेले असतात, म्हणजे त्यांची फक्त वरची त्वचा कठीण असते. त्यांच्यावर निळसर, तपकिरी, राखाडी लाटांची जी नक्षी दिसते ती त्याच प्रक्रियेची खूण आहे. त्यांना तसेच ठेवावे.

ठिणगी:
याच्याशी सहमत आहे. माझेही घोडा आणि चाप मूळ रंगातच आहेत, आणि राखाडी फ्रेममध्ये ती नक्षी उठून दिसते. मात्र घामाच्या बाबतीत ब्लूइंग क्रोमच्या जवळपासही येत नाही, हे माझे म्हणणे कायम आहे.

कानस:
रोज घामात असणार असेल तर मीही क्रोमला विरोध करणार नाही. देखणेपणात तो रस्ट ब्लूइंगच्या पासंगालाही पुरणार नाही, एवढे मात्र नोंदवून ठेवतो.

नीलरेघ:
निर्णय झाला. फ्रेम, नळी आणि सिलिंडर यांना हार्ड क्रोम. वरची पट्टी काचमण्यांनी मंद आणि बाजू एका दिशेने घासलेल्या. घोडा आणि चाप मूळ रंगात. नळीच्या आतला भाग, सिलिंडरचे कोठे (काडतुसे बसण्याची भोके) आणि फटीकडची दोन्ही तोंडे झाकून ठेवायला सांगेन. झाकणपट्टी बसवून ठेवूनच पृष्ठभाग तयार करायचा, हेही लिहून देईन. आता शेवटचा प्रश्न: पुढच्या साइटवर (नेम धरण्याच्या खुणेवर) लाल प्लास्टिकची पट्टी आहे, तिचे काय करावे?

कानस:
ती आधीच काढून टाकावी, कारण मुलाम्याच्या द्रावणांत ती शाबूत राहण्याची खात्री नसते. नवीन पट्टी सगळे काम झाल्यावर ओतून घ्यावी. साइटचा उतारही क्रोममधून वगळून काळाच ठेवावा, नाहीतर ऊन मागून आले की पट्टीच्या भोवतीचा धातू चमकतो आणि लाल रंग दिसेनासा होतो. मागची साइट सुटी करून तीही काळीच ठेवावी. कारागिराकडे देण्यापूर्वी झाकणपट्टी स्वतः उघडायची झाली तर स्क्रू काढल्यावर तिला पात्याने उचकटू नये. मुठीच्या चौकटीवर स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी दांड्याने हलके ठोके द्यावेत, कंपनाने ती आपोआप वर येते. काठाला एकदा खाच पडली की ती सांधरेषा क्रोमखालीही दिसत राहील.

ठिणगी:
काम झाल्यावर उजव्या बाजूचे छायाचित्र येथे अवश्य टाकावे. आणि परत आल्यावर रिकाम्या रिव्हॉल्व्हरमध्ये सहाही कोठ्यांवर सिलिंडर नीट कुलूपबंद होतो का, हे चाप अगदी सावकाश ओढून पाहावे, मगच काडतूस भरावे.